दवाखाना सोडून वैद्यकीय लेखनाकडे वळावे का?

विदर्भातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बॉण्डचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचे, वर्ष पूर्ण करत असलेल्या २७ वर्षांच्या डॉक्टरचे हे पत्र आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर त्यांनी दोनदा नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा दिली, दोन्ही वेळा हवी ती शाखा मिळाली नाही, आणि आता पुण्यातील एका कंपनीत वैद्यकीय लेखक म्हणून, म्हणजे औषधांच्या चाचण्यांचे अहवाल लिहिण्यासाठी, रुजू होण्याची संधी चालून आली आहे. वडील मात्र विचारतात, ‘डॉक्टर होऊन शेवटी कारकुनीच करायची होती का?’ आणि या प्रश्नावर त्या निरुत्तर होतात.

प्रिय डॉक्टर,

‘ओपीडीचा वीट आला आहे आणि मला लिहायला आवडते’ असे तुम्ही एका दमात लिहिले आहे, पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात. ओपीडीचा वीट हा पुष्कळदा अपुऱ्या झोपेचा, अपुऱ्या मनुष्यबळाचा आणि पुन्हा पुन्हा संपणाऱ्या औषधांचा परिणाम असतो; जागा बदलली की तो ओसरूही शकतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर व्यवसाय बदलू नका. लिहिण्याची आवड खरोखर या कामाची आहे का, हे मात्र नोकरी स्वीकारण्याआधीच पाहता येईल.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात तुम्ही जे लिहीत होतात, त्याचे या लेखनाशी फारसे नाते नाही. समजा, मधुमेहावरील एका नव्या औषधाच्या चाचणीत ५८ वर्षांच्या रुग्णाला चौदाव्या दिवशी कावीळ झाली आणि दाखल करावे लागले. त्या एका घटनेचा वृत्तांत लिहिताना पहिला डोस केव्हा दिला, आधीचे यकृताचे अहवाल कसे होते, सोबत कोणती औषधे चालू होती, औषध थांबवल्यावर बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा घटक) उतरले का आणि चाचणीच्या डॉक्टरांनी औषधाशी संबंध नोंदवला की नाही, हे सारे मूळ नोंदींशी ताडून पाहावे लागते. ‘औषधामुळे कावीळ झाली’ असे स्वतःच्या मनाने लिहिता येत नाही. ‘औषध सुरू केल्यापासून चौदाव्या दिवशी कावीळ आढळली’ एवढेच लिहिता येते, आणि एका तक्त्यात चौदाच्या जागी पंधरा दिसले तर खरे काय, याचा छडा लागेपर्यंत पुढे सरकता येत नाही. असे वृत्तांत आणि सांख्यिकी तक्ते यांवर चाचणीचा अहवाल उभा राहतो, आणि औषधाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना नियामक तोच अहवाल बारकाईने वाचतात. वडिलांना हेच उदाहरण सविस्तर सांगा. ज्या कामात डोळ्यांत तेल घालून वाचले नाही तर पुढच्या रुग्णांना धोका पोहोचतो, त्याला ते कारकुनी म्हणणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

अशा अहवालाची रचना आयसीएच या औषधांविषयीचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९५ सालच्या ई३ मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे आणि ती मोफत वाचायला मिळतात. भारतात १५ जून २००९ पासून क्लिनिकल चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी बंधनकारक आहे आणि त्या नोंदी कोणालाही पाहता येतात. तिथली एखादी चाचणी निवडा, तिच्यावर प्रसिद्ध झालेला शोधनिबंध मिळवा, नोंदणीच्या वेळी ठरवलेले निष्कर्षबिंदू (औषधाचा परिणाम ज्यांवरून मोजायचा त्या गोष्टी) आणि निबंधातले निष्कर्षबिंदू जुळतात का ते पाहा आणि दोन पाने लिहून काढा. त्यात रमलात तर नोकरी घ्या; ते रटाळ वाटले तर नाकारा. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या महागड्या प्रमाणपत्र वर्गांवर मात्र त्याआधी एक रुपयाही घालू नका.

तुमच्या हाती असलेली एक मोठी गोष्ट तुम्ही पत्रात ओझरतीच लिहिली आहे: केंद्रात येणाऱ्या बायका समजले नाही तरी मान डोलावतात, हे तुम्हाला लगेच ओळखू येते. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीची माहिती सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते, आणि तिला वाचता येत नसेल तर संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. तरीही ‘मध्येच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत’ हे सर्वांत मोलाचे आश्वासन लांबलचक परिच्छेदात हरवलेले मराठी माहितीपत्रक मी पाहिले आहे, आणि त्याचा मला आजही संताप येतो. ती पत्रके लिहायला आणि तपासायला तुमच्यासारखी माणसे हवी आहेत.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. कोणाचा प्रबंध लिहून देण्याचे किंवा वरिष्ठांच्या नावाने गुपचूप शोधनिबंध लिहिण्याचे काम आले, तर पैसे कितीही मिळोत, नकार द्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष स्पष्ट आहेत: केवळ लेखनसाहाय्य करणारी व्यक्ती लेखक ठरत नाही, पण तिचे साहाय्य आणि त्यासाठी पैसे कोणी दिले हे ऋणनिर्देशात सांगायचे असते.

त्या कार्यालयात तुमचे वरिष्ठ औषधनिर्माणशास्त्राचे किंवा दंतवैद्यकाचे पदवीधर असू शकतात आणि तुमचा मसुदा लाल करून परत देऊ शकतात. ते सोसण्याची तयारी ठेवा. रुजू होण्याची तारीख बॉण्ड संपल्यानंतरची मागून घ्या. आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी सोडू नका: दर ५ वर्षांनी नूतनीकरणासाठी लागणारे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट तास नोकरी सांभाळून पूर्ण करता येतात, आणि पुढे कधी रुग्णांकडे परतावेसे वाटले तर तीच नोंदणी कामी येईल.