नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, अशी समुद्री जीवाश्म गोळा करायची जागा कुठे आहे?

कुठेच नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलीला अमोनाइट (समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याचा चक्रासारखा गुंडाळलेला शंख) हवाय, रविवार मोकळा आहे, आणि "टाकळीला समुद्रातले शंख सापडतात असं ऐकलंय". हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांना मी ओळखत असण्याची दाट शक्यता आहे, कारण हे वाक्य जगात सगळ्यात जास्त वेळा माझ्या ताईच्या यजमानांनी म्हटलेलं आहे.

टाकळीला शंख सापडायचे. समुद्रातले नाही, तळ्यातले. आता टाकळी शहरात गेली आणि तिथे हातोडी चालवायची म्हणजे कुणाच्या तरी कंपाउंड वॉलवर चालवावी लागेल, पण दीडशे वर्षांपूर्वी तिथे एवढे सापडले की नागपूरचं नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत कायमचं लागलं. ते काम रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचं. त्याच्या नावाच्या कॉलेजमुळे नाव सगळ्या नागपूरला माहीत, माणूस कुणाला माहीत नाही. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून आला, शाळा काढली आणि उरलेल्या वेळात दगड फोडत फिरला. १८५५ मध्ये त्याने आणि रॉबर्ट हंटर यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर लेख लिहिला, १८६० मध्ये इथल्या शंखशिंपल्यांवर आणखी एक. सीताबर्डीच्या टेकडीतसुद्धा लाव्हाच्या दोन काळ्या थरांच्या मधला गोड्या पाण्याचा पातळ थर त्याने टिपला होता. गोड्या पाण्याचा. म्हणजे जो वाद आमच्या घरी अजून चालू आहे, तो नागपुरात रेल्वे यायच्या आधीच मिटला होता.

तर एका हिवाळ्यात ताई, भाऊजी आणि भाचा अलिबागहून आले होते. भाच्याला शाळेत जीवाश्म हा धडा होता. मी म्हटलं, चला, फुटाळा तलावावर बसून कणीस खाण्यापेक्षा हे बरं. काटोल रोडने बाहेर पडलो. पुढे आतल्या बाजूला ओळखीच्या शेतात नवीन विहीर खणली होती आणि तिचा मलबा बांधावर पडला होता. नागपूरच्या पश्चिमेला जीवाश्म बघायचे तर माझ्या मते विहिरीच्या मलब्यासारखी जागा नाही. खदानीत सुरुंग असतात, चौकीदार असतो, आणि सगळं क्रशरमध्ये जातं. विहिरीवाला मात्र तुमच्यासाठी फुकटात थर उलगडून ठेवतो. सगळ्यात खालचा दगड ढिगाच्या सगळ्यात वर.

त्या ढिगात बहुतेक काळा फत्तर आणि मुरूम. पण मधूनमधून राखाडी, कडेला तपकिरी पडलेल्या गारेच्या लाद्या होत्या, याला पुस्तकात चर्ट म्हणतात. तेच शोधायचं. लाव्हाचा एक थर येऊन थंड झाला, त्याच्या खोलगट भागांत पावसाचं पाणी साठलं, तळी झाली, त्यांत गोगलगायी, शिंपल्या, पाणवनस्पती आल्या, आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकलं. लाव्हातून झिरपलेल्या सिलिकाने तळ्यातला गाळ असा कडक केला की हातोडी उडते. हे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, डायनोसॉर संपले त्या सुमाराचं.

शेतमालक येऊन उभे राहिले. "ह्यात सोनं हाय का जी?" मी म्हटलं, गोगलगायी आहेत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि बैलांकडे निघून गेले.

भाच्याने फोडलेल्या एका लादीत मिळाला. चर्ट फुटतो तो काचेसारखा, कडा अशी धारदार की बोट कापतं. त्या राखाडी पृष्ठभागात एक पांढुरका फुगवटा, माझ्या अंगठ्याच्या पेराहून जरा मोठा. शेवटचा वेढा इतका फुगीर की जवळजवळ सगळा शंख तोच, आणि वर चिमटीत धरून ओढल्यासारखं छोटं टोक. एका बाजूला कवच फुटलं होतं, तिथे आतल्या पोकळीत साखरेएवढे स्फटिक उन्हात चमकत होते. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर तोंड डाव्या बाजूला. हा फायसा. नागपूरच्या थरांतला सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी, फायसा प्रिन्सेपी. हल्ली त्याला दुसऱ्या वंशात टाकलंय पण जुनं नाव कुणी सोडत नाही. त्याचे चुलतभाऊ आजही जिवंत आहेत. अ‍ॅक्वेरियममध्ये पाणवनस्पतीबरोबर न बोलावता येतात आणि काचेवर चढतात त्या बारक्या गोगलगायी बघा. तोंड डावीकडेच.

मी हे भाच्याला समजावत होतो तेवढ्यात भाऊजींनी तो दगड हातात घेतला, उलटा धरला, आणि म्हणाले, "अरे, हा तर दक्षिणावर्ती! म्हणजे इथे समुद्र होता."

आता यात त्यांची निम्मी गोष्ट खरी आहे, आणि तेच दुखणं आहे. देवघरातला नेहमीचा शंख शास्त्रज्ञ उजवा मानतात, कारण ते टोक वर धरतात. आपण शंख टोक खाली धरून बघतो, म्हणून बाजू बदलते. दुर्मिळ दक्षिणावर्ती शास्त्राच्या भाषेत डावा, आणि फायसाही डावा. एवढंच साम्य. एका बाजूला वळण आहे म्हणून गोगलगाय शंख होत नाही आणि तळं समुद्र होत नाही. (बाजारात दक्षिणावर्ती म्हणून हजारोंना विकतात त्यातले बरेच तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वेगळ्याच डाव्या शंखाचे असतात. हेही भाऊजींना सांगितलं. त्याने काही फायदा झाला नाही.)

त्यांचं म्हणणं एकच, "मी समुद्राकाठी वाढलोय, मला शंख कळतो." मी तळ्यांच्या शहरात वाढलो, त्याला काही किंमत नाही. वैनगंगेच्या रेतीत शिंपल्या पडलेल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत, म्हणून शिंपला म्हटलं की अलिबाग.

तो दगड रुमालात बांधून गेला. आज अलिबागच्या देवघरात आहे, हळदकुंकू वाहिलेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ६.६ कोटी वर्षांच्या गोष्टीला नमस्कार झालाच पाहिजे. तक्रार आहे ती पुढच्या वर्षी घरातल्या एका मुंजीत पंगत बसलेली असताना त्यांनी सगळ्यांसमोर केलेल्या विधानाची: "आमच्या साळ्याच्या नागपुरात समुद्र होता, आता नुसता उन्हाळा राहिलाय." पंगत हसली. माझ्या सख्ख्या काकूसुद्धा.

म्हणून तुम्हाला आणि पंगतीला एकदाच सांगतो. एका शंखावरून काही ठरवायचं नसतं, सोबत कोण सापडतं ते बघायचं. नागपूरच्या थरांत फायसाबरोबर लिम्निया आणि पॅलुडिना या गोगलगायी, युनिओच्या शिंपल्या, कॅरा शेवाळाचे बियांसारखे दाणे आणि ऑस्ट्राकॉड नावाचे टाचणीच्या डोक्याहून बारके कवचधारी सापडतात. सगळी तळ्याकाठची मंडळी. समुद्र असता तर समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे प्राणी, दिसले असते, प्रवाळ दिसले असते, अमोनाइट दिसले असते. अर्चिन आणि अमोनाइटची जात गोड्या पाण्यात कधीच राहिलेली नाही, त्यामुळे हा पुरावा फार सोपा आहे. भाऊजींनी नागपूरचा एक अर्चिन आणून दाखवावा, मी पुढच्या मुंजीत स्वतः उभा राहून घोषणा करतो.

अमोनाइट हवाच असेल तर नागपूरपासून लांब जावं लागेल. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात नर्मदेच्या खोऱ्यातले चुनखडीचे थर आहेत, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्र पश्चिमेकडून आत शिरला तेव्हाचे. तिथे अमोनाइट, अर्चिन, कालवं, ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे बारके जीव) असं सगळं भाऊजींच्या मनासारखं आहे. पण एका दिवसात जाऊन येणं विसरा. त्याहून जुना समुद्र पाहायचा तर उमरियाजवळचं रेल्वे कटिंग आणि छत्तीसगडमधलं मनेंद्रगडजवळचं हसदेव नदीचं पात्र, दोन्ही पर्मियन, म्हणजे २८ कोटींच्या आसपास. मनेंद्रगडची जागा संरक्षित आहे, तिथे बघायचं आणि हात खिशात ठेवायचे. आणि मुलीला अमोनाइट नुसता बघायचा असेल तर शेजारीपाजारी कुणाच्या तरी देवघरात शाळिग्राम असेलच. गंडकीतल्या फुटलेल्या शाळिग्रामात जे चक्र दिसतं तो अमोनाइटच. विचारून बघा, हात धुऊन.

एका दिवसात नागपूरहून काय जमेल? पश्चिमेला विहिरीचे मलबे, आणि कंटाळा आला तर उत्तरेला कामठी-सिलेवाड्याकडचा वाळूचा दगड. त्यात ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे मिळतात, हेही हिस्लॉपने गोळा केले होते. पूर्वेकडे हातोडी घेऊन जाऊ नका, तिकडे नाइस नावाचा फार जुना, उष्णतेने आणि दाबाने बदललेला खडक आहे, त्यात जीवाश्म नाहीत.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या आता लिहितो. शेतमालकाला विचारल्याशिवाय ढिगाला हात लावू नका. उघड्या विहिरीपासून पोरीला लांब ठेवा. चर्ट फोडताना डोळे बाजूंनीही झाकणारा चष्मा हवाच, साधा पुरत नाही, चर्टची कपची सरळ डोळ्यात जाते. घरची खिळे ठोकायची हातोडी नेऊ नका, दांडा तुटतो. सापडलेला प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर गाव आणि तारीख लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी तो नुसता दगड. दिवाळी ते होळी जा, नंतर नागपूर आहे.

आणि हो, कुणीतरी झिलमिलीचा मुद्दा काढणारच, म्हणून आधीच. छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिलीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं सापडली आहेत, २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. त्याच जिल्ह्यात मोहगाव कलानला निपा ताडाचं फळ सापडलेलं आहे, आणि हा ताड आज खाडीच्या चिखलात उगवतो. म्हणजे डायनोसॉर संपल्यावर लगेच समुद्राचा एखादा चिंचोळा फाटा तिथपर्यंत पोचला असावा असं काही शास्त्रज्ञ मानतात. मानू द्या. ती कवचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, हळदकुंकू लावायच्या आकाराची नाहीत. आणि झिलमिली म्हणजे टाकळी नव्हे.

तुम्हाला काही मिळालं तर फोटो इथेच टाका. टोक वर, तोंड समोर, शेजारी एक रुपयाचं नाणं. भाऊजींचंही या साइटवर खातं आहे, ते बघतील.