मुलगी सेमिनरीत शिकून पाळक होऊ शकते का?

होऊ शकते. तुम्ही लिहिलंय की भाचीला बी.ए. झाल्यावर सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात जायचंय, मंडळी (म्हणजे तुमचं चर्च) सी.एन.आय.ची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे आणि घरचे म्हणतायत बाईला पाळक कोण करणार. तर सी.एन.आय.मध्ये नियमाची अडचण नाहीये. बायकांना दीक्षा मिळते, नुसती डिकनची (पाळकाच्या खालची पायरी) नाही तर प्रेस्बिटरची, पूर्ण पाळकाची पण, म्हणजे प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न लावणं सगळं आलं. ओडिशात फुलबनीला व्हायोलेट नायक बिशप झाल्या, सी.एन.आय.च्या पहिल्या बाई बिशप. दक्षिणेत सी.एस.आय.ने (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ लाच नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं. (कॅथलिक असता तर उत्तर वेगळं असतं, तिथे बाईला धर्मगुरू होता येत नाही, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ ला ते लेखीच देऊन टाकलंय. पण थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र शिकायला आडकाठी नाही, पुण्यात ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेत सिस्टर्सही शिकतात.)

खरी गंमत शिकून झाल्यावर आहे. मी नगरकडचा, मंडळीच्या कमिटीवर काही वर्षं काढलीयत, त्यामुळे पोस्टिंगचा विषय निघाला की काय काय निघतं ते ऐकलंय. रात्री-अपरात्री कोणी वारलं तर बाई मातीला येणार का, पाळकांचा बंगला गावाबाहेर आहे तिथे एकट्या कशा राहणार, नवऱ्याची नोकरी कुठे, बाळंतपणात रविवारची उपासना कोण घेणार. पुरुष पाळक आला की त्याच्या बायकोची नोकरी कुठे हे कोणी विचारत नाही, उलट पाळकीणबाई संडे स्कूल आणि महिला संघ फुकटात सांभाळतील हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. आमच्याकडे एकदा बाई पाळकांनी भर पावसात मातीचा विधी घेतला, तेव्हा मीटिंगमध्ये ज्या काकांचा आवाज सगळ्यात मोठा होता तेच त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. पुढच्या मीटिंगला परत तोच प्रश्न!

घरचे बायबलातलं पहिलं तीमथ्य दोनचं बारावं वचन (बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये) काढतीलच, काढू दे. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडायला सांगा, तोच पौल तिथे सुरुवातच फिबी या मंडळीच्या सेविकेची शिफारस करून करतो. आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तर हा वाद घालूच नये असं माझं मत, कारण पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या बायकांनीच त्याचे खिळे (छपाईची अक्षरं) जुळवले आणि छापलं. रमाबाई १९२२ ला गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. त्यांनाही सोडलं नव्हतं बरं का, इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण मुलांना शिकवायचं असं ठरत होतं तर बिशप मंडळींनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी पत्रं लिहून चांगलंच सुनावलं होतं.

आता कामाचं. ॲडमिशन घ्यायच्या आधी डायसिसशी, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाशी बोला, नंतर नाही. स्वतःच्या पैशाने शिकून आलेल्या मुलीला डायसिस पोस्टिंग द्यायला बांधील नसतं, स्पॉन्सर करून पाठवलेल्या कँडिडेटची गोष्ट वेगळी. त्यासाठी पाळकांचं आणि कमिटीचं शिफारसपत्र लागतं, मग डायसिसचा इंटरव्ह्यू. तिथे मुलीने स्वतः तोंडावर विचारावं की आत्ता तुमच्याकडे किती बाई प्रेस्बिटर आहेत आणि त्यातल्या किती जणी स्वतंत्र मंडळी सांभाळतात. कॉलेज निवडताना सेरामपूरची (थिऑलॉजीच्या पदव्या देणारं विद्यापीठ) बी.डी., म्हणजे पाळकाची पदवी आहे ना ते बघा, पदवीनंतर साधारण चार वर्षं जातात. पुण्यात बिबवेवाडीला यू.बी.एस., युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे (आधी यवतमाळला होतं, १९८३ ला इकडे आलं), बंगलोरला यू.टी.सी., युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. शिकवणं इंग्रजीत असतं, त्यामुळे मराठी मीडियमची असेल तर पहिलं वर्ष जड जातं, इंग्रजी वाचायची सवय आत्तापासूनच लावा.