‘पाच मिनिटांत उठते हो ती!’

“काहीही मांडून द्या, पाच मिनिटांत उठते हो ती!” खुर्चीत नीट बसायच्या आधीच ती आई बोलली. मुलगी चार वर्षं दोन महिन्यांची. आईच्या हातात भलीमोठी कापडी पिशवी होती आणि पिशवीत गेल्या सहा महिन्यांचा पसारा. अर्धवट चिकटवलेले कागद, रंगांच्या बाटल्या, मणी ओवायच्या दोऱ्या, अक्षरांचे ठोकळे, लॅमिनेट केलेली कार्डं. एकेक वस्तू टेबलावर काढत ती सांगत गेली, “हे तीन मिनिटं. हे दोन. आणि याला तर हातच लावला नाही, ज्या खोक्यातून आलं त्या खोक्यातच जाऊन बसली.” पिशवी रिकामी झाली तेव्हा खरा प्रश्न बाहेर आला. “मॅडम, हिचं लक्षच लागत नाही. हिला काही प्रॉब्लेम तर नाही ना?”

हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी घेऊन येतंच. म्हणून हा अनुभव लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि मुलीला इथे आपण चिमी म्हणू.

आधी नेहमीचं सगळं विचारून घेतलं. झोप, ऐकणं, बोलणं, इतर मुलांबरोबरचं खेळणं, हाक मारल्यावर बघते का, गोष्ट सांगितली तर शेवटपर्यंत ऐकते का. सगळं ठीक होतं. शाळेतून तक्रार नव्हती. आंघोळीच्या वेळी मग आणि बादली घेऊन अर्धा-अर्धा तास खेळते, बाहेर काढताना रडारड होते, हेही आईने सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात. अर्धा तास खेळणाऱ्या मुलीचं लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं, हे तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं.

पण इथे मी चूक केली. घाईत होते, पुढची वेळ दुसऱ्या कुणाला दिलेली होती. मी एका कागदावर तीन सोपे उपक्रम लिहून दिले. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं, बटणं रंगांप्रमाणे वेगळी करणं, कपड्यांना चिमटे लावणं. “हे करून बघा, पुढच्या आठवड्यात भेटू.”

पुढच्या आठवड्यात आई वही घेऊन आली. वहीत तारीख, उपक्रम, मिनिटं आणि शेरा असे रकाने आखलेले. ‘पाणी ओतणे, 3 मिनिटे, सांडले, पुन्हा बसली नाही.’ तिचं घरातलं वेळापत्रक आधीच भरगच्च होतं, त्यात मी आणखी तीन ओळींची भर घातली होती, एवढंच. फ्रिजवर एक तक्ताही लावलेला होता. उपक्रम पूर्ण केला की एक स्टार, दहा स्टार झाले की बक्षीस. “हल्ली तर सुरू करायच्या आधीच विचारते, ‘याचे किती स्टार?’” आई म्हणाली.

त्या दिवशी मी कागद दिला नाही. म्हटलं, फोन कुठेतरी टेकवून ठेवा आणि एका उपक्रमाचं शूटिंग करून आणा. तिला बसवायचा प्रयत्न करू नका, नेहमी करता तसंच करा.

व्हिडिओ साडेचार मिनिटांचा निघाला. सतरंजीवर तीन वाट्या आणि मधोमध बटणांचा ढीग. आईने आधी समजावलं, लाल इथे, पिवळी इथे, निळी इथे. चिमीने एक लाल बटण उचललं, उलटं-सुलटं करून बघितलं, डोळ्याजवळ नेलं आणि पहिल्या वाटीत टाकलं. मग निळं उचललं, तसंच बघितलं आणि तेही पहिल्याच वाटीत टाकलं. लगेच आई, “असं नाही गं, निळं कुठे जातं? बघ बरं नीट.” चिमीने मान वर केली. आईने ते निळं बटण उचलून तिसऱ्या वाटीत ठेवलं. चिमीने पिवळं घेतलं, बघितलं, दुसऱ्या वाटीत टाकलं. “शाब्बास!” पुढचं लाल, तेही दुसऱ्या वाटीत. “अगं, आत्ता तर बरोबर केलंस!” असं चाललं होतं. चौथ्या मिनिटाला चिमी उठून गेली.

मी पाहता पाहता कागदावर रेघा मारत होते. साडेचार मिनिटांत आईची 41 वाक्यं झाली. त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर आईला माहीत नव्हतं असं नाही. चिमीची वाक्यं तीन.

मग मी तोच व्हिडिओ आवाज बंद करून लावला. “फक्त हातांकडे बघा,” म्हटलं. पहिल्यांदा आईला काही दिसलं नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा तिनेच फोन थांबवला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि बघत राहिली.

“ही भोकं बघतेय.”

चिमी दोन भोकांची बटणं एका वाटीत आणि चार भोकांची दुसऱ्या वाटीत टाकत होती. एकदाही चुकली नव्हती. रंग तिच्या लेखी तेव्हा महत्त्वाचा नव्हताच. रंग तर तिला दोन वर्षांपासून येतात. भोकं मात्र तिला आत्ताच, त्या सतरंजीवर सापडली होती. आणि दर वेळी कुणीतरी तिचा हिशेब मोडून बटण उचलून दुसरीकडे ठेवत होतं. माझा हिशेब कुणी असा मोडला असता तर मी चार मिनिटंसुद्धा बसले नसते.

आई रडली थोडं. तिला रडवायला व्हिडिओ लावला नव्हता, म्हणून मी तिला विचारलं, इतकी घाई कशाची होती? तेव्हा कळलं, की घरात अकरा महिन्यांचा धाकटा आहे. तो झोपलेला असतानाच चिमीला वेळ मिळतो, आणि एकही बटण जमिनीवर राहिलं तर तो उठल्या उठल्या तोंडात घालेल ही धास्ती डोक्यावर. धास्ती अगदी बरोबर होती. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर बटणं, मणी, लहान गोट्या यांच्या वाटेला जाऊच नये. घशात अडकायला तेवढंच पुरतं. आणि घड्याळाच्या किंवा रिमोटच्या चपट्या गोल बॅटऱ्या तर मोठ्या भावंडांच्या खेळातसुद्धा नकोत. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा नुसती शंका आली तरी तडक दवाखाना गाठायचा. घरात आणखी कोण आहे हे न विचारताच मी बटणं लिहून दिली होती. ती चूक माझी, आणि तसं मी तिला सांगितलं.

बटणं बंद. स्टारचा तक्ताही काढायला सांगितला. त्यावर आई जरा अडली. “पण त्यामुळे निदान बसते तरी.” मग मी तिला एक जुना प्रयोग सांगितला. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडायची. काहींना आधीच कबूल केलं, की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात बघितलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना अचानक मिळालं त्यांच्यात मात्र ही घट नव्हती. म्हणजे कौतुक वाईट नाही, सौदा वाईट. “याचे किती स्टार?” हा प्रश्न चिमीला आपणच शिकवला होता.

पुढचा भाग सांगायला सोपा आणि करायला फार अवघड. आईला एकच काम दिलं, हात मांडीखाली घालून बसायचं. अक्षरशः. पहिली पाच मिनिटं बोलायचं नाही. बोलावंसं वाटलंच तर विचारायचं नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. “तू हा चिमटा बादलीच्या काठाला लावलास.” एवढंच. आणि चिमीने मदत मागितली तर मागितली तेवढीच द्यायची. चिमटा उघडत नसेल तर तिच्या बोटांवर आपलं बोट ठेवून थोडा जोर द्यायचा, चिमटा हातातून काढून घ्यायचा नाही.

वस्तू त्याच, घरातल्या. चिमटे, मोजे, दोन भांडी, फडकं. फरक इतकाच, की फडकं आधीपासून चिमीच्या शेजारी ठेवायचं. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तिथे मुलांच्या मापाचं सामान ठेवलं आणि साधनं अशी वापरली, की चूक झाली तर ती साधनच दाखवेल, मोठ्यांनी सांगायला नको. पाणी तसंच आहे. भांडं भरलं की ते वाहतं, मग “सांडलंस!” हे आपण कशाला सांगायचं? फडकं जवळ असलं की ती पुसते, आणि पुसणं हा बहुतेक वेळा ओतण्याहून मोठा खेळ होतो. फक्त पाण्याच्या खेळात मोठ्या माणसाने जागचं हलायचं नाही, आणि संपलं की बादली लगेच ओतून टाकायची. रांगणाऱ्या मुलाला धोका व्हायला काही सेंटिमीटर पाणी पुरतं.

“पण मग यात शिकणं कुठे आलं? लिहायला कधी लागणार?” हा प्रश्न वडिलांचा, आईच्या मार्फत आलेला. चिमटा दाबायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, पेन्सिल धरायलाही तीच. जन्माच्या वेळी मनगटातली आठही हाडं बहुतेक कूर्चेचीच असतात, ती एकेक करून टणक होत जातात आणि हे काम शाळेची बरीच वर्षं चालू असतं. चार वर्षांच्या हाताला ओळींत अक्षरं काढायची घाई नको, मुबलक काम हवं. वडिलांना हे पटलं की नाही मला माहीत नाही. पण लिहिण्याच्या कार्डांचा आग्रह थांबला.

मध्येच एक दिवस आईचा फोन आला, आवाज काळजीचा. तिने कुठेतरी वाचून चिमीसमोर सहा झाकणांच्या दोन रांगा मांडल्या होत्या. दोन्ही सारख्याच, हे चिमीने कबूल केलं. मग आईने एक रांग पसरून लांब केली. चिमी म्हणाली, आता इथे जास्त. “दहापर्यंत मोजता येतं हो तिला! मोजून दाखवलं तरी तेच म्हणते.” हा स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा जगप्रसिद्ध प्रयोग आहे, आणि चार-पाच वर्षांची कितीतरी मुलं अगदी हेच उत्तर देतात. लांब दिसतं ते जास्त, असं त्या वयाचं गणित असतं. पुढे साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास ते आपोआप बदलतं. मी म्हटलं, झाकणं तिच्याकडे राहू द्या, परीक्षा बंद करा.

सगळं सरळ झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात धाकटा आजारी पडला आणि वही, चिमटे, मांडीखालचे हात, सगळंच बाजूला राहिलं. आईला अपराधी वाटत होतं. संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या माणसाने रोज एक उपक्रम मांडायचाच, हा नियम कुणी केला ते मला अजून कळलेलं नाही. बोलता बोलता तीच म्हणाली, “खरं सांगू? इतर आया ग्रुपवर फोटो टाकतात ना, त्यामुळेच मी संध्याकाळी साडेसातला रंग काढायचे.” साडेसातला चिमीही दमलेली असायची. मग ठरलं, आठवड्यात दोनदा, तेही सकाळी, आणि बाकी दिवस घरकामात ती जे ओढून घेईल ते.

किती मिनिटं बसायला हवी, हे आई शेवटपर्यंत विचारत राहिली. वयाप्रमाणे मिनिटांची सूत्रं फिरतात, मी ती वापरत नाही. काम कुणी निवडलं, दिवसाची वेळ कोणती, मध्ये कितीदा कुणी बोललं, यावर आकडा दुपटी-तिपटीने बदलतो. मी बघते ते वेगळंच. स्वतः निवडलेल्या एकाही गोष्टीत मूल रमत नसेल, हाकेला किंवा आवाजाला प्रतिसाद देत नसेल, चार वर्षांचं होऊनही छोटी वाक्यं बोलत नसेल, किंवा आधी येणाऱ्या गोष्टी विसरत चाललं असेल, तर मी घरच्या उपक्रमांवर वेळ घालवत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. अतिचंचलतेचं निदानही एका सतरंजीवरून होत नाही. लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिने तरी दिसावी लागतात. चिमीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

शेवटच्या भेटीत आईने आणखी एक व्हिडिओ दाखवला, तिने स्वतःहून केलेला. धुतलेल्या मोज्यांचा ढीग. आईला जोड्या लावून हव्या होत्या, चिमी दोन वेगळेच ढीग करत होती. लहान-मोठे एकत्र, रंग एकत्र, जोड्यांचा पत्ता नाही. सात-आठ मिनिटं व्हिडिओत आईचा आवाज नव्हता. मग अगदी हळू तिने विचारलं, “हा कशाचा ढीग?”

“हे दमलेत,” चिमी म्हणाली.

आईने त्या ढिगातला एक मोजा उचलून ताणला. इलॅस्टिक गेलेलं होतं. मग दुसरा, तिसरा. सगळ्यांचंच.