मुलगा दिवसभर गेमिंगचे व्हिडिओ बघतो, गेममधलं काही कळत नसताना चॅनेल चांगलं की वाईट हे आईने कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, सुट्टीत दिवसभर माइनक्राफ्ट आणि फ्री फायरचे व्हिडिओ बघतो आणि तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी सांगलीत विश्रामबागला राहते, माझा मोठा आता सहावीत आहे, दोन वर्षांपूर्वी माझी पण अगदी हीच गत होती. गेम कळायची गरज नाही हो. जो माणूस बोलतोय त्याला ऐका, आणि तो हरतो तेव्हा काय बोलतो ते तर कान देऊन ऐका.

मला हे कळलं ते कॅरममुळे. एका रविवारी दुपारी आमचे सासरे आणि पोरगं खेळत बसले होते, पोराने राणी घेतली आणि कव्हर हुकलं, आणि पोरगं अगदी शांतपणे, आपण अरेरे म्हणावं तसं, आईवरून एक हिंदी शिवी बोलून गेलं. सासऱ्यांच्या हातातला स्ट्रायकर हातातच राहिला. मी ओरडले, तो रडकुंडीला आला, आणि मग जवळ घेऊन विचारलं तर त्याला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. त्याला वाटायचं डाव हुकला की असं म्हणायचं असतं, कारण त्याचा आवडता यूट्यूबवाला दादा गेममध्ये मेला की दर वेळी तेच म्हणायचा.

आणि हे चॅनेल मी आधी बघितलं होतं बरं का. भाकरी करता करता दोन मिनिटं डोकावले, हसतखेळत बोलतोय, चाललंय की, असं वाटलं. पण पहिली दोन मिनिटं सगळ्यांचीच गोड असतात. म्हणून व्हिडिओ मधूनच लावा, जिथे खेळ तापलेला असतो तिथून, असे चार-पाच बघा आणि एखादा तरी लाइव्ह झालेला बघाच. लाइव्ह चालू असताना कापाकापी करायची सोय नसते, तीन-तीन तास बोलून माणूस दमतो, चिडतो, पैसे देऊन मेसेज पाठवणारे काहीही लिहितात आणि काहीजण ते मोठ्याने वाचून पण दाखवतात. खरा स्वभाव तिथे दिसतो. नवख्या मुलाला तो कसा बोलतो, मुलींचा आवाज आला की काय बोलतो, हरल्यावर दुसऱ्याला दोष देतो का चूक माझी म्हणतो, हे कळायला क्रीपर कशाला म्हणतात ते माहीत असावं लागत नाही.

गेमच्या नावावरून मात्र ठरवू नका. युरोपात माइनक्राफ्टला ७ वर्षांच्या पुढे आणि जीटीए ५ ला १८ च्या पुढे असं रेटिंग आहे, पण ते गेमचं, व्हिडिओचं नाही. माइनक्राफ्टमध्ये मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेले बदल, टाकून केलेले असले भुताटकीचे व्हिडिओ आहेत की ते बघून आमचा धाकटा रात्री एकटा बाथरूमला जाईना. जीटीएचं तर मी सरळ नाही म्हणते, थंबनेलवर सुपरहिरो आणि रंगीत गाड्या असतात, आपल्याला वाटतं लहान मुलांचंच आहे, आणि आत रस्त्यावरची माणसं चिरडत गाडी चाललेली असते.

फ्री फायरचं वेगळं आहे. मूळ फ्री फायरवर सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आणली पण फ्री फायर मॅक्स चालू राहिलं आणि व्हिडिओ काही थांबले नाहीत. मला तिथे गोळीबारापेक्षा डायमंडची भीती वाटते. हे डायमंड खऱ्या पैशाने घ्यायचे असतात, आणि कित्येक व्हिडिओंत दुसरं काहीच नसतं, हा माणूस हजारो डायमंड उडवतोय, चक्र फिरवतोय, बंदुकीची स्किन, म्हणजे नवं रंगीत रूप, निघाली की किंचाळतोय. नऊ वर्षांच्या पोराला त्यातून एकच कळतं की पैसे टाकले की मजा येते. त्यामुळे व्हिडिओच्या खालचं वर्णन उघडून लिंक कुठे नेतात ते बघाच. फुकट डायमंड, रिडीम कोडसाठी टेलिग्राम ग्रुप, असलं काही दिसलं की मी पुढे बघतच नाही, माझ्या बहिणीच्या मुलाने असल्याच एका लिंकवर तिचा नंबर टाकला होता आणि ओटीपी पण टाकणार इतक्यात ती खोलीत आली म्हणून वाचलं. पैसे लावून खेळायच्या अॅपची जाहिरात दिसली तरी तेच, ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने असे ऑनलाइन गेमच नाही तर त्यांची जाहिरात करणं पण बंद केलंय, तरीही जो करतोय त्याच्या हाती आपलं पोर कशाला द्यायचं?

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, २०२० च्या सुरुवातीपासून यूट्यूबवर चॅनेलवाल्याला सांगावं लागतं की व्हिडिओ मुलांसाठी बनवलाय का नाही, आणि मुलांसाठी असेल तर खाली कमेंट बंद असतात. बहुतेक गेमिंगवाल्यांच्या कमेंट उघड्या असतात, म्हणजे ते मुलांसाठी आहे असं त्यांचंही म्हणणं नाही. वाईटच असतं असं नाही, पण बघून घेणं आपल्यावर आलं. गूगलच्या फॅमिली लिंक अॅपमधून पोराचं वेगळं खातं काढून ९ वर्षांच्या पुढचं सेटिंग लावता येतं, ते लावाच, पण चाळण मशीनची आहे, त्यातूनही सुटतं.

आणि मुलाशेजारी बसा. आम्ही रोज संध्याकाळी भडंगाची वाटी घेऊन वीस मिनिटं बसायला लागलो आणि मी त्यालाच विचारायचे, हा हिरवा कोण, हा का पळतोय. तो म्हणाला मम्मी हा क्रीपर, जवळ आला की फुस्स करतो आणि फुटतो. त्यानेच सांगितलं की माइनक्राफ्टमधला एक दिवस आपल्या २० मिनिटांचा असतो. मग ते गेममधले १०० दिवस काढून दाखवायचे व्हिडिओ असतात ना, त्याचा मी हिशोब केला, सगळे दिवस-रात्र पूर्ण धरले तर ३३ तासांच्या वर खेळ होतो आणि तो तासाभरात कापून बसवलेला. मी त्याला हे सांगितलं तर तो गप्पच झाला, मग म्हणाला म्हणून माझं घर बांधायला इतका वेळ लागतो होय. त्या आधी तो खेळताना सारखा चिडायचा, मला काहीच येत नाही म्हणायचा.

ज्याच्यामुळे कॅरमच्या वेळी शिवी आली ते चॅनेल आम्ही बंद केलं, का बंद केलं ते त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगून समजावलं, दोन दिवस धुसफुस झाली. आता तीन चॅनेल चालतात. त्यातल्या दोघांबद्दल माझी काही तक्रार नाही, एकजण तर नुसता बांधकाम करतो आणि चुकलं की हसतो. तिसऱ्याचं माझं अजून ठरलेलं नाही, पोरगा बोलायला सभ्य आहे पण दर व्हिडिओत स्वतःचे टीशर्ट विकतो, त्यामुळे ते फक्त मी शेजारी असताना लावायचं असं सध्या ठरलंय.