ध्रुवीकरण की ध्रुवण?

प्रश्न असा आलाय की, तारे कसे जन्मतात यावरच्या एका लेखात 'ध्रुवीकृत प्रकाशावरून चुंबकीय क्षेत्र कळतं' असं वाचलं, पण ध्रुवीकरण तर निवडणुकीच्या बातम्यांत असतं, मग इथे बरोबर शब्द कुठला?

मी ध्रुवण म्हणतो, आणि असा प्रकाश तो ध्रुवित. ध्रुवीकरण व्याकरणाने चूक नाही, पण तो शब्द राजकारणाने पार पळवलाय, ऐकला की आधी मतांची टक्केवारीच आठवते.

खरी गोची मुळातच आहे. 1808 मध्ये पॅरिसला मालुस नावाचा माणूस लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचं मावळतीचं ऊन स्फटिकातून बघत होता, स्फटिक फिरवला की दिसणाऱ्या दोन प्रतिमांतली एक फिकी पडायची. त्याला वाटलं प्रकाशाच्या कणांना लोहचुंबकासारखे ध्रुव असणार, म्हणून पोलरायझेशन, आणि आपण त्याचंच भाषांतर केलं. प्रकाशाला ध्रुवबिव काही नसतात हो, साध्या प्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांत असतात, ध्रुविताची एकाच दिशेत होतात इतकंच. मरीन ड्राइव्हला पोलरॉइड गॉगल लावून बघा, पाण्यावरची चमक गायब, मान तिरकी केली की परत हजर!

आता तारे. ते जन्मतात धुळीच्या थंड ढगांत, आणि धुळीचे लांबुडके कण चुंबकीय क्षेत्राला आडवे राहतात. वेसाव्याला आडव्या दोरीवर बोंबील वाळत घातलेले बघितलेत ना, दोरी म्हणजे क्षेत्र, बोंबील म्हणजे कण. मागच्या ताऱ्याचा प्रकाश यातून येताना बोंबलांच्या दिशेची कंपनं जास्त अडतात, म्हणून उरलेला प्रकाश दोरीच्या दिशेत ध्रुवित होतो, हे 1949 मध्ये हिल्टनर आणि हॉल या खगोलशास्त्रज्ञांना पहिल्यांदा दिसलं. ढग फारच दाट असला तर मागचा तारा दिसतच नाही, मग धुळीचं स्वतःचं सबमिलिमीटर प्रारण (मिलिमीटरहून छोट्या लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) बघतात, ते बोंबलांच्या दिशेत ध्रुवित असतं, म्हणून उत्तर 90 अंशांनी फिरवून घ्यायचं. चिलीतली आल्मा दुर्बीण हेच करते.

आणि एवढं सगळं करून आकाशाच्या पटलावर क्षेत्राची फक्त रेघ मिळते, तिचं उत्तरेचं टोक कुठलं ते ध्रुवित धूळ सांगत नाही. म्हणजे नावात ध्रुव, आणि नेमका ध्रुवच कळत नाही.