तळहातांच्या घामासाठी मशीन घेताना

अगं, पाण्यात हात बुडवून त्यातून हलका करंट सोडतात ते आयन्टोफोरेसिसचं मशीन घेतेयस ना, मग किंमत नंतर बघ. आधी करंट किती मिलिअँपिअर वाहतोय हे मशीन दाखवतं का, तो हळूहळू चढतो-उतरतो का, ते विचार. तळहातांना साधारण १५ ते २० लागतात. ध्रुव, म्हणजे प्लस-मायनस, बदलायची सोय हवीच, नाहीतर दोन्ही हातांना सारखा गुण येत नाही. कातडी नाजूक असेल तर पल्स करंटवालं, म्हणजे करंट तुटक-तुटक सोडणारं घे, चुरचुर कमी होते.

पाणी नळाचंच. आपल्या वडोदऱ्यात घरोघरी आरओ, पण त्यात क्षार कमी, करंट नीट वाहत नाही. अंगठ्या-बांगड्या काढ, जखमेवर व्हॅसलीन लाव. चालू असताना हात झटकन बाहेर काढू नकोस, झटका बसतो.

पेसमेकर, गर्भारपण किंवा हाताच्या हाडात धातूची पट्टी बसवलेली असेल तर हे नकोच; म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. गरब्यात हात कोरडे हवेत ना? महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं बस.