ह्युमिडॉर नंतर, आधी डबा

मित्रा, पंधरा-वीस सिगारांसाठी लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारांचा ओलावा टिकवणारी पेटी, घ्यायची घाई करू नकोस. स्वस्तातल्यांचं झाकण बहुतेकदा नीट बसत नाही. त्यापेक्षा रबरी कड असलेला स्वयंपाकघरातला हवाबंद डबा घे. धुऊन चार दिवस उघडा ठेव; प्लास्टिकचा वास राहिला तर तो तंबाखूत उतरतो.

आत बोवेडा कंपनीचं, ६५ टक्के आर्द्रता राखणारं पाकीट टाक. ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारांना पुरतं. हवा कोरडी झाली की ते ओलावा सोडतं, दमट झाली की शोषून घेतं. आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे शोषणंच जास्त महत्त्वाचं. ओला स्पंज मात्र अजिबात नको. सुरुवातीला मी तेच केलं आणि सात सिगारांवर बुरशी चढली, अजून हळहळ वाटते.

डब्यातली आर्द्रता दाखवणाऱ्या हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. बाटलीच्या झाकणात मीठ घे, चार थेंब पाण्याने ओलसर कर, विरघळू देऊ नकोस. मीटरसोबत झिपच्या पिशवीत दिवसभर बंद ठेव. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर पुढे नेहमी ४ मिळव.

खरी काळजी उन्हाळ्याची. २४-२५ अंशांच्या वर तंबाखूतल्या किड्याची अंडी उबू शकतात, आणि ती पानातच असतात, दिसत नाहीत. म्हणून डबा घरातल्या सर्वांत थंड कपाटात, जमिनीलगत ठेव. फ्रिजमध्ये नको, तिथली हवा कोरडी असते. पाकीट कडक लागलं की बदल.